वाचकांचे प्रश्न : इंजिनाचे माउंटिंग घरी बदलावे का?

पावसाळ्यानंतर गाडीच्या थरथरीविषयी आणि पुढच्या बाजूने येणाऱ्या आवाजांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण इतर पत्रांतील बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आठ वर्षांची असून ७२ हजार किलोमीटर चालली आहे. सिग्नलला एसी चालू ठेवून थांबलो की स्टिअरिंग आणि सीट थरथरतात. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना पुढून ‘धप’ असा आवाजही येतो. गॅरेजमध्ये इंजिनाची सगळी माउंटिंग बदलायला सांगितले आहे. ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, एअर फिल्टर मी स्वतः बदलतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करता येईल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : काही अंशी करता येईल. आपल्यासारख्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले असते आणि सर्वसाधारणपणे ते तीन ठिकाणी माउंटिंगने, म्हणजे रबर आणि धातूच्या आधारांनी, धरलेले असते. एक माउंटिंग उजवीकडे, टायमिंग कव्हरच्या बाजूला असते, दुसरे डावीकडे गिअरबॉक्सवर असते, आणि खाली मागच्या बाजूला इंजिनाला सबफ्रेमशी, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी चौकटीशी, जोडणारा आखूड टॉर्क रॉड असतो. वरची दोन्ही माउंटिंग बॉनेट उघडल्यावर वरूनच हाताला लागतात आणि गाडी चारही चाकांवर उभी असतानाच बदलता येतात, म्हणून पान्याची सवय असलेल्या माणसाने ती घरी बदलायला माझी हरकत नाही. टॉर्क रॉडसाठी गाडीखाली जावे लागते. त्याच्या अटी पुढे दिल्या आहेत. काही गाड्यांत चौथे माउंटिंग मागे, सबफ्रेम आणि स्टिअरिंग रॅक यांच्यामध्ये असते. ते काम मात्र लिफ्ट असलेल्या गॅरेजकडेच द्यावे.

परंतु पान्याला हात लावण्यापूर्वी दोष माउंटिंगचाच आहे याची खात्री व्हायला हवी, आणि आपल्या पत्रातील लक्षणांवरून ती अर्धीच होते. क्लच सोडताना येणारा ‘धप’ आवाज माउंटिंगकडे, त्यातही टॉर्क रॉडकडे, बोट दाखवतो. क्लच सुटताना इंजिन चाकांच्या उलट दिशेने वळू पाहते, आणि रबर फाटलेले असेल तर मधली मोकळी जागा संपताच धातू धातूवर आदळतो. उभ्या गाडीतील थरथरीला मात्र इतरही कारणे असतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन सिलिंडर पेट घेतात, म्हणजे मिनिटाला ७५० फेरे असताना सेकंदाला २५ धक्के बसतात. रबराचे माउंटिंग हे २५ धक्के बॉडीपर्यंत पोचू न देण्याच्या हिशेबाने बनवलेले असते. एखादा सिलिंडर नीट पेट घेत नसेल, तर त्याच्या वाट्याचा धक्का दर दोन फेऱ्यांनी एकदा चुकतो आणि सेकंदाला सुमारे सहा वेळा येणारा एक लंगडा ठोका तयार होतो. इतक्या संथ ठोक्यापुढे नवे कोरे माउंटिंगही हतबल असते, कारण रबर जलद कंपने अडवते, संथ हेलकावे नाही. त्यामुळे सीटवर बसून थरथरीचा ताल नीट लक्षात घ्यावा. सलग, बारीक गुणगुण जाणवत असेल तर माउंटिंगचा संशय योग्य आहे. अधूनमधून हिसका बसल्यासारखा ठोका असेल तर आधी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि थ्रॉटल बॉडीवरील काजळी तपासावी. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारे यंत्र, मिळाला तर पी०३०० ते पी०३०४ यांपैकी एखादा कोड नोंदला गेला आहे का ते पाहावे. हे कोड चार सिलिंडरच्या इंजिनात मिसफायरचेच, म्हणजे सिलिंडर नीट पेट न घेण्याचेच, असतात.

एसीचा संबंधही याच ओघात तपासावा. कॉम्प्रेसर सुरू होताना इंजिनावर भार येतो आणि फेरे क्षणभर घसरतात. निरोगी गाडीत ते लगेच सावरतात. ते सावरत नसतील, किंवा मीटरचा काटा खालीच रेंगाळत असेल, तर दोष आयडलिंगमध्ये, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालण्यात, आहे आणि माउंटिंग बदलून तो जाणार नाही. तसेच आवाज क्लच सोडताना न येता केवळ खड्ड्यातून जाताना येत असेल, तर लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझरची लिंक तपासावी. मुंबईच्या रस्त्यांवर ही दोन्ही लवकर झिजतात, आणि पुष्कळदा त्यांच्या आवाजाचा दोष माउंटिंगच्या माथी मारला जातो.

माउंटिंगची प्रत्यक्ष परीक्षा दोन माणसांनी करावी. गाडी सपाट जागी, पुढे-मागे मोकळी जागा ठेवून उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि बॉनेट उघडावे. चालवणाऱ्याने ब्रेक पूर्ण दाबून ठेवून पहिला गिअर टाकावा, क्लच जेमतेम पकड घेईल इतकाच सोडावा आणि लगेच दाबावा; मग हेच रिव्हर्समध्ये करावे. पाहणाऱ्याने बाजूला, फेंडरजवळ उभे राहावे. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभे राहता कामा नये. इंजिन किंचित झुकून परत जागेवर येणे स्वाभाविक आहे. ते उसळी मारत असेल, त्याच वेळी आपल्या ओळखीचा ‘धप’ आवाज येत असेल, किंवा परत येताना ते अर्ध्यावरच अडत असेल, तर निदान झाले असे समजावे. त्यानंतर इंजिन बंद करून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक माउंटिंग पाहावे. रबराच्या पृष्ठभागावरील केसासारख्या बारीक भेगा वयाच्या असतात आणि तेवढ्यावरून माउंटिंग फेकून देण्याचे कारण नाही. रबर धातूपासून सुटले असेल, आरपार भेग असेल, मधली धातूची नळी एका बाजूला टेकली असेल, तर मात्र ते गेले आहे. उजवीकडच्या माउंटिंगवर तेल ओघळलेले दिसले तर वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग आधी बदलावे. खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. गळती तशीच राहिली तर नवे माउंटिंगही त्याच वाटेने जाईल.

आता जागेविषयी. सोसायटीत स्टॅक पार्किंग असेल तर त्या लोखंडी पाटावर हे काम कदापि करू नये. पेव्हर ब्लॉकच्या अंगणात जॅकची लहान चाके ब्लॉकच्या फटीत रुततात आणि एका बाजूला भार आला की ब्लॉक खचतो; तिथे जॅकखाली जाड प्लायवूडचा मोठा तुकडा घालावा. तळघरातल्या लादीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून लेव्हल लावून पाहावे. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. सोसायटीच्या चिटणिसांना आणि रखवालदाराला आधी सांगून ठेवावे, लहान मुले खेळायला येणार नाहीत अशी वेळ निवडावी आणि सोबत एक प्रौढ माणूस असल्याशिवाय काम सुरू करू नये. हे सगळे मी उपचार म्हणून लिहीत नाही. या कामात बोल्ट काढणे अवघड नाही. शंभर-दीडशे किलोंचे इंजिन आणि गिअरबॉक्स काही काळ आपण दिलेल्या आधारावर उभे असतात, आणि सारी जोखीम त्या आधारात आहे.

सामान आणताना गाडीचा चासी नंबर जवळ ठेवावा, कारण एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि ऑटोमॅटिक प्रकारांची माउंटिंग दिसायला सारखी आणि कडकपणाला वेगळी असू शकतात. ऑपेरा हाऊसच्या बाजारात बहुतेक गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दुकानदार ‘फाउंडेशन’ म्हणाला तरी तो याच वस्तूविषयी बोलत असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग स्वस्त मिळतात आणि आरसा, दरवाजा, दिवा यांसाठी ते ठीकच आहेत, पण रबराचा भाग तिथून घेऊ नये. रबर न वापरताही जुने होते, आणि वापरलेल्या माउंटिंगचे किती आयुष्य उरले आहे हे वरून कळत नाही. हत्यारांत सॉकेट संच, लांब एक्स्टेन्शन, ब्रेकर बार, ट्रॉली जॅक आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक पिळापर्यंतच आवळू देणारा पाना, लागेल. टॉर्क रेंच नसेल तर तो विकत किंवा उसना आणावा. अंदाजाने बोल्ट आवळण्याचे हे काम नव्हे.

उजवीकडचे माउंटिंग आधी घ्यावे. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे आणि बॅटरीची ऋण तार काढलेली असावी. कूलंटची टाकी किंवा एसीचे पाइप आड येत असतील तर त्यांचे क्लिप सोडवून ते बाजूला सरकवावेत. एसीचा पाइप उघडू नये. ब्रॅकेटच्या कडा आणि बोल्टच्या जागा पेंट मार्करने आखून ठेवाव्यात आणि फोटो काढावा, कारण ब्रॅकेटची भोके बहुधा थोडी लांबट असतात आणि दोन मिलिमीटरच्या फरकानेही इंजिन तिरपे बसते. मग ट्रॉली जॅकवर जाड, रुंद लाकडी फळी ठेवून ती ऑइल सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीखाली, आणावी. फळी सम्पच्या शक्य तितक्या मोठ्या भागावर टेकायला हवी. पत्र्याचा सम्प एका जागी दाबला गेला तर आत वाकतो, आणि तेल ओढणारी जाळी त्याच्या तळापासून थोड्याच अंतरावर असते. ओतीव अॅल्युमिनियमचा सम्प वाकत नाही, तडकतो. जॅक हळूहळू वर न्यावा आणि माउंटिंगच्या रबरावरचा ताण जेमतेम सुटला की थांबावे. सैल केलेला बोल्ट बोटांनी फिरू लागला म्हणजे उंची बरोबर आहे. तो अडकत असेल तर जॅक किंचित वर-खाली करावा. हातोडी मारू नये. इंजिन गरजेपेक्षा जास्त उचलले तर ड्राइव्ह शाफ्टचे जोड, एक्झॉस्टचा लवचीक भाग आणि रबरी नळ्या ताणल्या जातात.

जुने माउंटिंग काढल्यावर नव्याशेजारी ठेवून भोकांची जागा, उंची, आणि बाण कोरलेला असेल तर त्याची दिशा पडताळावी. नवे बसवताना प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी चार-पाच आटे आत गेला पाहिजे. इंजिनाच्या बाजूचे आटे बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचे असतात, आणि तिरपा घुसलेला एक पोलादी बोल्ट ते कायमचे खराब करतो. सगळे बोल्ट लागले तरी या वेळी ते पूर्ण आवळू नयेत.

डावीकडच्या माउंटिंगसाठी बॅटरी, तिचा ट्रे आणि एअर फिल्टरचा डबा काढावा लागतो. इथे जॅकवरची फळी गिअरबॉक्सच्या भक्कम, सपाट भागाखाली टेकवावी; ड्रेन प्लगवर किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पत्र्याच्या तळावर नव्हे. आधीचे माउंटिंग जागेवर बसून त्याचे बोल्ट हाताने लागल्याशिवाय या बाजूच्या बोल्टला हात लावू नये. एका वेळी एकच माउंटिंग सुटलेले असावे, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये. याच भागात इंजिनाची अर्थिंगची पट्टी बोल्टखाली धरलेली असते. ती परत लावायची राहिली तर स्टार्टरचा सगळा प्रवाह गिअरच्या केबलसारख्या आडवाटांनी परतू पाहतो, त्या तापतात आणि गाडी सुरू होताना कुरकुर करते. सोडवतानाच तिचा फोटो काढून ठेवावा.

बोल्ट आवळण्याचा टप्पा बहुतेकांकडून घाईत उरकला जातो, आणि काम बिघडते ते इथेच. जॅक पूर्ण उतरवून इंजिनाचे वजन माउंटिंगवर येऊ द्यावे. मग इंजिन बंद ठेवूनच ते दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवावे, म्हणजे ते आपल्या नैसर्गिक जागी स्थिरावते. आखलेल्या खुणांशी ब्रॅकेट जुळते का ते पाहावे आणि त्यानंतरच टॉर्क रेंचने शेवटचे आवळावे. या बोल्टांचे आकडे साधारणपणे ४० ते १०० न्यूटन-मीटर या पट्ट्यात येतात, परंतु पट्टा इतका रुंद असल्यामुळेच आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडाच वापरावा. मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंशांत कोन दिला असेल तर तो बोल्ट आवळताना ताणला जाणारा असतो; तो पुन्हा न वापरता नवा घालावा.

टॉर्क रॉड शेवटी. इंजिनाचे वजन त्यावर नसते, त्यामुळे तो काढताना इंजिन खाली येत नाही, फक्त खालच्या बाजूने पुढे-मागे झुलते. मात्र गाडीचे पुढचे अंग उचलावे लागते. गाडीसोबत येणारा कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. ट्रॉली जॅकने उचलून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागांखाली पुरेशा क्षमतेचे दोन जॅक स्टँड लावल्यावर आणि गाडी हाताने जोरात हलवून ती डळमळत नाही हे पाहिल्यावरच खाली जावे. विटा, सिमेंटचे ठोकळे, रचलेले टायर यांवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. जॅक स्टँड नसतील किंवा जागा सपाट नसेल, तर एवढा भाग गॅरेजमध्ये करून घ्यावा. लिफ्टवर ते थोडक्या वेळाचे काम आहे. गाडीखाली असताना एक्झॉस्टचा लवचीक भागही पाहून घ्यावा, कारण टॉर्क रॉड बराच काळ सैल राहिला असेल तर पहिली झळ त्यालाच बसते.

बॅटरी जोडल्यावर पहिली काही मिनिटे आयडलिंग किंचित अस्थिर राहू शकते, कारण कंट्रोल युनिट थ्रॉटलची जागा नव्याने शिकत असते. त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. आठवडाभर गाडी वापरल्यानंतर सगळ्या बोल्टांवर टॉर्क रेंच पुन्हा एकदा फिरवावा.

प्रश्न : आमच्याकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती. तिची माउंटिंग बदलल्याचे फारसे आठवत नाही. आताच्या गाड्यांचे रबर हलक्या दर्जाचे झाले आहे का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : दर्जापेक्षा रचनेतला फरक मोठा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले होते, आणि ताकद मागच्या चाकांना मिळत असे. अशा गाडीत शेवटची गती-घट मागच्या अॅक्सलमध्ये होते आणि तिचा उलट झटका अॅक्सल व स्प्रिंग झेलतात. इंजिनाच्या माउंटिंगवर फक्त गिअरबॉक्सपर्यंतचा झटका येतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या आजच्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (शेवटची गती-घट करून दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) एकाच खोक्यात असतात, त्यामुळे चाकांवर जाणाऱ्या संपूर्ण टॉर्कचा उलट झटका माउंटिंगवरच येतो.

आकड्यांत पाहू. समजा इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आहे आणि डिफरन्शियलचे ४.१. उभ्या इंजिनाच्या माउंटिंगवर ११० गुणिले ३.५, म्हणजे ३८५ न्यूटन-मीटरचा पीळ येईल. आडव्या इंजिनाच्या माउंटिंगवर त्याच्या ४.१ पट, म्हणजे सुमारे १,५८० न्यूटन-मीटरचा. टॉर्क रॉड नावाचा वेगळा भाग यासाठीच लागतो. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ सर्वांत जास्त असतो, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर संध्याकाळी घरी परतणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये किती वेळा सुटते व थांबते, हे आपण जाणताच. त्यात उभ्या गाडीच्या बॉनेटखालची उष्णता मिळते. मुंबईत चाललेल्या गाडीचे माउंटिंग कमी किलोमीटरमध्ये थकलेले दिसले तर आश्चर्य मानू नये.

प्रश्न : माझ्या गाडीचे फक्त डावीकडचे माउंटिंग फाटले आहे. मेकॅनिकच्या मते तिन्ही बदलणे आवश्यक आहे. हे खरे मानावे का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : तपासल्याशिवाय मानू नये. एक माउंटिंग फाटले की त्याचा भार इतरांवर जातो, म्हणून मेकॅनिकच्या सांगण्यात तथ्य आहे; पण ‘तिन्ही बदला’ हे निदान नव्हे. बाकीची दोन टॉर्चच्या उजेडात आणि वरच्या उत्तरातल्या क्लचच्या परीक्षेने पाहावीत. रबर धातूला घट्ट चिकटलेले असेल आणि इंजिन जागेवर परत येत असेल तर ती ठेवावीत. टॉर्क रॉडच्या बाबतीत मी थोडा उदार आहे. तो तुलनेने स्वस्त असतो, सर्वांत जास्त झिजतो आणि तो थकलेला असेल तर नव्या माउंटिंगलाही धक्के खावे लागतात. त्यामुळे तो जोडीने बदलायला हरकत नाही. गाडीला टायमिंग बेल्ट असेल आणि तो बदलण्याची वेळ जवळ आली असेल, तर उजवीकडचे माउंटिंग तेव्हाच बदलावे. त्या कामात ते बहुतेक गाड्यांत काढावेच लागते, आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.

प्रश्न : तिन्ही माउंटिंग नवी बसवली, तरी थरथर कमी होण्याऐवजी वाढली आहे. भाग सदोष निघाला असेल का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : भाग सदोष असू शकतो, परंतु त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. बोल्ट आवळताना इंजिन जॅकवर उचललेले होते का, ही पहिली. तसे झाले असेल तर रबर पिळलेल्या स्थितीतच कायमचे धरले गेले आहे, आणि पिळलेले रबर कंपने अडवण्याऐवजी सरळ बॉडीत पोचवते. फळीसह जॅकचा हलका आधार देऊन बोल्ट दोन-तीन आटे सैल करावेत, पूर्ण काढू नयेत. मग जॅक उतरवून इंजिन हाताने हलवावे, ते स्थिरावू द्यावे आणि पुन्हा ठरलेल्या टॉर्कने आवळावे. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच एवढ्याने मिटतात.

दुसरी गोष्ट, इंजिनाचा कोणता भाग बॉडीला टेकतो आहे का. एक्झॉस्टचा पाइप, एसीची नळी, हीट शील्डचा पत्रा किंवा वायरिंगचा क्लिप यांपैकी एखादी वस्तू सरकून बॉडीला लागली असेल, तर माउंटिंगला वळसा घालून कंप थेट आत येतो. बॉनेट उघडून, इंजिन आयडलवर असताना, फिरता पट्टा आणि पंखा यांपासून हात आणि कपडे दूर ठेवून केवळ डोळ्यांनी पाहावे. हात लावून तपासायचे असेल तर इंजिन बंद करावे. तिसरी गोष्ट म्हणजे भागाचा क्रमांक. डिझेल प्रकाराचे कडक माउंटिंग पेट्रोल गाडीला बोल्टने सहज बसते, पण आयडलवर ते पेट्रोल इंजिनाची बारीक कंपने अडवू शकत नाही. शिवाय आपली गाडी तीन सिलिंडरची असेल तर एवढे ध्यानात असावे की तिच्यात ७५० फेऱ्यांना सेकंदाला १९ च्या आतच धक्के बसतात आणि पहिला व तिसरा सिलिंडर मिळून इंजिनाला टोकांकडून हिंदोळतात. थोडी थरथर त्या रचनेचाच भाग आहे.

प्रश्न : माझ्या गाडीचे उजवीकडचे माउंटिंग आतून द्रव भरलेले आहे आणि ते गळले आहे. मूळ भाग बराच महाग आहे. त्याऐवजी साधे रबरी किंवा पॉलियुरेथेनचे कडक माउंटिंग बसवावे, असा सल्ला एका मित्राने दिला. ते अधिक टिकेल का? (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : टिकेल, पण आपल्याला ते नको असेल. द्रवाच्या माउंटिंगमध्ये रबराच्या दोन कप्प्यांत ग्लायकॉल मिसळलेला द्रव असतो आणि तो एका लांब, अरुंद मार्गाने एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलला जातो. खड्ड्यात इंजिन मोठा हेलकावा घेते तेव्हा हा द्रव त्याला आवरतो, आणि आयडलच्या बारीक कंपनांना माउंटिंग मऊच राहते. एकाच कडकपणाचे रबर ही दोन्ही कामे करू शकत नाही. कडक पॉलियुरेथेन शर्यतीच्या गाडीत योग्य ठरते, कारण तिथे इंजिन अजिबात न हलणे हाच हेतू असतो. ऑफिसला जाण्याच्या गाडीत ते दररोज सिग्नलला त्रास देईल आणि डॅशबोर्डचे जोड खडखडू लागतील.

इंजिनाला मोकळेपणाने डोलू देण्यामागे जुना आणि सखोल विचार आहे. क्रायस्लर कंपनीने १९३१ मध्ये प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाची पद्धत आणली, तिचे सार असे होते की इंजिन ज्या अक्षाभोवती स्वभावतःच डोलते तो ओळखावा, रबराचे आधार त्याच रेषेवर द्यावेत आणि डोलण्याला आवर घालण्याचे काम वेगळ्या भागाकडे सोपवावे. आपल्या गाडीतील उंचावरची दोन माउंटिंग आणि खालचा टॉर्क रॉड ही त्याच विचाराची आजची मांडणी आहे. मूळ भाग परवडत नसेल तर नावाजलेल्या उत्पादकाचे द्रव भरलेलेच पर्यायी माउंटिंग घ्यावे. गळलेल्या माउंटिंगमध्ये सिलिकॉन किंवा विंडशील्डचा सीलंट भरून देणारे लोक भेटतील. तो सीलंट भार पेलण्यासाठी नसतो, तसे करून घेऊ नये.

प्रश्न : माउंटिंग फाटल्याचे निश्चित झाले आहे, पण नवा भाग यायला वेळ लागणार आहे. तोपर्यंत गाडी चालवली तर चालेल का? (एक वाचक, परळ)

उत्तर : ते कोणते माउंटिंग आहे आणि इंजिन किती हलते, यावर अवलंबून आहे. बहुतेक माउंटिंगमध्ये रबर पूर्ण फाटले तरी धातूचा भाग धातूत अडकून राहील अशी रचना असते, म्हणून इंजिन खाली कोसळत नाही. टॉर्क रॉडचे रबर थकून केवळ ‘धप’ आवाज येत असेल, तर क्लच हळुवार सोडत, जोराचा वेग न घेता जवळपासच्या कामांपुरती गाडी वापरता येईल. मात्र इंजिन एका बाजूला खचलेले डोळ्यांना दिसत असेल, गिअर लागण्यास त्रास होत असेल किंवा गिअरचा दांडा आपोआप सरकत असेल, एक्झॉस्टचा आवाज अचानक वाढला असेल, ड्राइव्ह शाफ्टच्या बाजूने ग्रीस उडालेले असेल किंवा कूलंटची नळी ताणलेली दिसत असेल, तर गाडी आहे तिथेच ठेवावी आणि टोइंगने गॅरेजमध्ये न्यावी. टो करताना गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे हे चालकाला सांगावे आणि पुढची चाके उचलून न्यायला सांगावे.

उजवीकडचे माउंटिंग पूर्ण सुटलेले असेल तर मात्र एक फेरीही मारू नये. इंजिन त्या बाजूला खाली आले की पट्ट्याची पुली बॉडीच्या आतल्या पत्र्याला घासू शकते, आणि त्या पट्ट्यावर अल्टरनेटर, तसेच अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही चालतो. पट्टा तुटला की बॅटरीचे चार्जिंग थांबते, आणि पंप त्यावर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापते. तेव्हा होणारा हेड गॅस्केटचा खर्च माउंटिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.